चार बोटं जास्त

दादांची उंची मी पहिल्यांदा मोजली ती आमच्या निर्मळच्या वाडीत, केळ्यांचे घड ठेवायच्या पडवीत. भिंतीला पाठ लावायची, टाचा जोडायच्या, नजर समोर ठेवायची, एवढंच त्यांनी करायचं होतं. पण दादा, म्हणजे माझे वडील, टोपी काढायला तयार होईनात.

“टोपीसकट मोज. मी टोपीसकटच असतो.”

“दादा, उंची डोक्यापर्यंत धरतात.”

“मग टोपीची वजा कर. एवढं शिकलीस ती कशाला?”

शेवटी आई विहिरीवरून भरलेली कळशी तशीच कडेवर घेऊन आली. “काढा हो एकदाची. पोरीला तिच्या सरांना दाखवायचंय.” तेव्हा कुठे टोपी निघाली. टोपीखालचं दादांचं कपाळ उन्हात न रापलेलं, चक्क गोरं होतं. ते मी इतक्या वर्षांत नीट पाहिलंच नव्हतं.

ऐंशी साल उलटल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले तेव्हा दादांनी निकालाचं वर्तमानपत्र घडी घालून विड्याच्या पानांच्या करंडीत ठेवलं होतं आणि बाजारात पानं घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते बाहेर काढून दाखवलं होतं. पुढे शाळेतल्या माझ्या विज्ञानाच्या बाईंनीच जाहिरात आणून दिली, आणि मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात, शरीररचनाशास्त्र विभागात, मला डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी लागली. मुलांना हाडं दाखवायची, त्यांच्यावरच्या खाचा, उंचवटे, भोकं यांची नावं पाठ करून घ्यायची, हे माझं काम. गावात मात्र मी ‘डॉक्टर’ झाले ते झालेच. खुलासा करून करून मी दमले.

विभागाचे प्रमुख सर विदर्भातले. उंच, किंचित वाकलेले, पांढऱ्या कोटाच्या खिशात नेहमी खडू. त्यांनी मला नावाने कधीच हाक मारली नाही. “वसईकर, जरा इकडे या,” असं म्हणत. वसई आणि निर्मळ ही दोन वेगळी गावं आहेत असं मी सुरुवातीला एकदा सांगून पाहिलं. “बरं बरं, वसईकर,” असं म्हणून ते निघून गेले. त्यांच्याच आग्रहाने मी नोकरी करता करता एम.एस्सी.ला नाव घातलं. विषयही त्यांनीच दिला.

कुठे ओळख न पटणारा देह सापडला, किंवा नुसती हाडं सापडली, की पोलीस अभिप्रायासाठी ती आमच्या विभागात पाठवत. बाई की पुरुष, वय साधारण काय, उंची किती, हे सर सांगत. मांडीचं हाड, नडगी, कोपरापासून मनगटापर्यंतची हाडं, यांची लांबी आणि माणसाची उंची यांचं एक प्रमाण असतं. एक मोजलं की दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. पण पुस्तकांतली गणितं बहुतेक परदेशातल्या माणसांवरून बसवलेली होती.

“त्यांच्या तंगड्या वेगळ्या, तुमच्या वेगळ्या,” सर म्हणाले. “तुमच्या किनाऱ्यावरच्या माणसांची मापं कुणी घेतलीत का?”

“नाही सर.”

“मग तुम्ही घ्या. तुम्हाला ते घरात तरी घेतील. माझ्यावर कुत्री सोडतील.”

म्हणून मी रविवारी आणि सुट्टीला मापं घेत फिरायला लागले. गावच्या सुतारकाकांनी आकडे रंगवलेली एक लाकडी काठी आणि तिच्यावर खालीवर सरकणारी फळी करून दिली होती. कोपरापासून मनगट, मनगटापासून मधल्या बोटाचं टोक, टाचेपासून अंगठा, आणि शेवटी सबंध उंची. लोकांनी इतक्या मायेने मला मापं दिली की आजही आठवलं की भरून येतं. शेजारच्या गावातल्या फादरांनी रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर सांगितलं, “वाडीवाल्यांची मुलगी हॉलमध्ये बसली आहे, तिला मदत करा.” तर झाडून सगळी माणसं हातपाय धुऊन, काहीजण तर पावडर लावून रांगेत उभी. बायका अंबाड्यात अबोली माळून आलेल्या. अंबाडा सोडा म्हटलं की हसण्याचा गलका व्हायचा. रिटायर झालेले एक गुरुजी दर वेळी हळूच टाचा उचलायचे. मी खाली पाहिलं की टाचा जमिनीला, वर पाहिलं की फळी अर्ध्या इंचाने वर. बोळिंजला दोन भाऊ होते, सत्तरीला टेकलेले. कोण उंच यावरून त्यांचा लहानपणापासून वाद. मी दोघांना दोनदोनदा मोजलं. सारखे भरले.

“मग मोठा मी आहे, मला थोडं जास्त लिही,” थोरला म्हणाला.

“अरे, आता खोटं लिहायला लावतोस काय पोरीला?” धाकटा. तो वाद काही मिटला नाही.

राजोडीला मात्र मला घेऊन गेली ती मावशी. मावशी म्हणजे आमच्याकडे मासे घेऊन येणारी कोळीण. मी पाटीवर अक्षरं गिरवत होते तेव्हापासून ती येत होती. डोक्यावर पाटी, कमरेला घट्ट कसलेलं लुगडं, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. दादांशी भाव करताना ती जेवढी तोंडाळ, तेवढीच माझ्यासाठी पाटीच्या तळाशी एखादा सरंगा दडवून आणणारी. तिने आपल्या वस्तीतल्या बायकांना दारोदार हाका मारून गोळा केलं.

“चला गो, बाय डॉक्टर होनार हाय. मापं द्या तिला.”

“मावशी, मी डॉक्टर नाही होणार.”

“मंग मापं कशाला घेतेस? झंपर शिवनार हायस?”

सगळ्या हसल्या. मावशीही हसली. तिला हसताना पाहून मला बरं वाटलं, कारण आदल्या वर्षी पावसाळा सरत आला असताना तिचा एकुलता एक मुलगा होडीबरोबर गेला होता. होडी उलटली. बरोबरचे दोघे पोहून किनाऱ्याला लागले, हा लागला नाही. देहही मिळाला नाही. फादर तिला म्हणाले होते, त्याच्या नावाने मिस्सा करू या. तिने नाही म्हणून सांगितलं. “मेल्याशिवाय कसला मिस्सा? कुटं तरी लागला आसल. दमनला, गुजरातेत. येल.” ती रोज पाटी घेऊन निघायची आणि रोज परत जाऊन दार उघडं टाकायची.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी सरांनी मला हाक मारली. टेबलावर जाड कागदावर हाडं मांडलेली होती. मांडीची दोन्ही, एक नडगी, डाव्या हाताची कोपराखालची, थोड्या फासळ्या, कमरेची. कवटी नव्हती. पोलिसांचा कागद शेजारी होता. राजोडीच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनाच्या कडेला, भरतीने वाळू ओढून नेली तिथे सापडली, असं लिहिलं होतं. पुढे बेपत्ता माणसांत एकाचंच नाव होतं, आणि त्याखाली खबर देणाऱ्या आईचं. ते वाचून मी त्या नावावर बोट ठेवलं.

“ओळखीचे?” सरांनी विचारलं.

“आमच्याकडे मासे आणते ती मावशी, सर. तिचा मुलगा.”

सरांनी मला बसायला स्टूल दिलं. मग हळू आवाजात, जसं मुलांना शिकवत तसंच, सांगत गेले. तरुण पुरुष. वय जुळतं. डाव्या हाताचं हाड लहानपणी कधी तरी मोडून सांधलेलं, जरा वाकडं बसलेलं. आईने पोलिसांना तेही सांगितलं आहे, हात मोडला होता म्हणून. तेही जुळतं.

“पण उंची जुळत नाही, वसईकर. कागदावर पाच फूट सात इंच आहे. मांडीवरून मला पाच चार मिळतात. एखादा इंच इकडेतिकडे धरा, तीन नाही धरता येत.”

“पुस्तकातलं गणित म्हणून असेल, सर.”

“म्हणूनच तुम्हाला बोलावलं. तुमच्या माणसांचं काय म्हणणं आहे ते बघा.”

माझी मापं अजून पुरी झाली नव्हती, पण पुरुषांचे हात बरेच जमले होते. जिवंत माणसाचा हात आणि नुसतं हाड यांत फरक असतो, तो सरांनी धरायला शिकवला. मोडलेलं हाड सोडून त्याच्या शेजारचं सरळ हाड धरून मी गणित मांडलं. दादा, गुरुजी, बोळिंजचे भाऊ, मिस्सानंतर पावडर लावून आलेले सगळे त्यात होते. उत्तर पाच फूट चारच्याच आसपास आलं. मी पुन्हा मांडलं. तेच.

“आता मी काय लिहू?” सर म्हणाले. “उंचीवरून हा अमुकच, असं कधी म्हणता येत नाही. पण हा तो नव्हे, असं म्हणता येतं. उंची इतकी चुकत असेल तर मला तेच लिहावं लागेल. मग हे बेवारस म्हणून जातील.” त्यांनी खिशातला खडू काढला, पुन्हा ठेवला. “उंची त्यांना कुणी सांगितली, कशी मोजली, एवढं विचारून या. शाळेचा दाखला, नोकरीचा कागद, काही तरी असेल. तोवर मी लिहीत नाही.”

मी त्याच शनिवारी दुपारी राजोडीला गेले. मावशीच्या दारात बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते. दार ठेंगणं होतं, मी वाकूनच आत शिरले.

“आलीस गो बाय? पानी पी आदी. हाडं तुज्याच कालेजात न्हेली म्हनाले पोलीस. काय म्हनतो तुजा सर?”

काय आणि किती सांगावं हे मी वाटभर ठरवत आले होते. पण तिच्या समोर बसल्यावर एवढंच सांगितलं, की हाडांची उंची कमी भरते.

तिचं तोंड असं उजळलं की मला बघवेना.

“बग! मी सांगत व्हते का नाय? माजा पोर उंच हाय. या दारातनं वाकून यायचा. ती हाडं कोना गरिबाची आसतील.” मग एकदम आवाज खाली आणून, “त्याच्या आयला कोनी सांगितलं का नाय, देव जाने. तू सांग हां तुज्या सराला, तिला शोदा म्हनावं.”

मी विचारलं, “मावशी, उंची पोलिसांना कुणी सांगितली?”

“मीच. दोरा न्हेला व्हता. हवालदाराने टेप लावून मोजला.”

भिंतीवरच्या येशूच्या तसबिरीखाली फळी होती, फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यातून तिने सुती वातीचा दोरा काढला, हातभर लांबीच्या घड्या घातलेला. मुलगा पाच वर्षांचा असताना टायफॉइडने वाचला, तेव्हा तिने नवस केला होता, की दर वर्षी चर्चच्या सणाला त्याच्या उंचीची मेणबत्ती लावीन. तिच्या वस्तीत बऱ्याच घरांत असा नवस असे. आईने मुलाला मोजून वात द्यायची, मेणबत्तीवाल्याने त्या मापाने मेणबत्ती करायची. हा दोरा शेवटच्या सणाचा. होडी गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यातला. तेव्हा मुलगा पुरता वाढलेला होता.

दाखला नव्हता, नोकरीचा कागद नव्हता. हा दोराच होता, आणि तो चांगला, न ताणणारा, स्वच्छ दोरा होता. मी टेप काढून मोजला. पाच फूट सात इंच.

आता सरांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं. खरं म्हणजे मी उठायला हवं होतं. पण दोन वर्षं माणसांच्या टाचा आणि अंबाडे बघून बघून एक सवय लागली होती, ती तोंडातून निघाली.

“मावशी, तू मोजतेस कशी ते दाखव ना.”

“त्यात काय दाखवायचं? उबी ऱ्हा.”

डब्यातली कोरी वात घेऊन तिने मला भिंतीशी उभं केलं. दोऱ्याचं टोक माझ्या टाचेखाली सारलं, “हलू नको गो,” म्हणून माझ्या पोटरीवर चापट मारली, दोरा पाठीवरून वर नेला. तळहाताने माझे केस दाबून बसवले. इथवर ती माझ्यापेक्षाही काटेकोर होती. मग तिने उजव्या हाताची चार बोटं माझ्या टाळूवर आडवी ठेवली आणि दोरा त्यांच्या वर धरला.

“हे काय?”

“चार बोटं.”

“ती कशाला?”

“कशाला म्हंजी? ठेवायचीच आसतात.” लहान मुलाला सांगावं तसं ती सांगत होती. “जित्या मानसाचं माप बरोबर घेऊ नये, बाय. चार बोटं जास्त धरायची, म्हंजी त्याला जागा ऱ्हाते. बरोबर माप घेतात ते फकस्त मयताच्या पेटीचं—”

ती थांबली.

तिचा हात माझ्या डोक्यावरच होता. चारही बोटं मला टाळूवर लागत होती, माशांच्या वासाची, पाण्याने कायमची सुरकुतलेली. मी वळले नाही. बाहेर कोणीतरी कोणाला तरी जाळी ओढायला हाका मारत होतं.

बऱ्याच वेळाने तिने हात काढला. खाली बसली. मुलाचा दोरा मांडीवर घेतला आणि एका टोकाला आपली चार बोटं लावून तेवढा भाग मागे दुमडला. नखाने घडी दाबली.

“किती म्हनाला तुजा सर?”

“पाच फूट चार.”

“मोज.”

“मावशी—”

“मोज म्हनते ना.”

मी मोजला. टेपचं दुसरं टोक तिने धरलं. मी आकडा पुन्हा एकदा पाहिला.

“बोल ना गो.”

“तेवढंच आहे, मावशी.”

तिने मान हलवली. दोरा तसाच दुमडलेला ठेवून त्याची गुंडाळी केली. मग म्हणाली, “म्हंजी ती दुसरी आय सुटली.” आणि उठून बाहेर गेली, वलांडीवरचे बोंबील उलटे करत राहिली. मीही तिच्या बाजूला उभी राहून करत राहिले.

सोमवारी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी मला ते करून दाखवायला लावलं. पांढऱ्या कोटातले ते उंच गृहस्थ कपाटाला पाठ लावून उभे राहिले, मी स्टुलावर चढून त्यांच्या टाळूवर चार बोटं ठेवली. “आणि हे तिथे सगळेच करतात?” “वस्तीतल्या सगळ्या बायका, सर. आमच्या निर्मळात नाही. मलाही माहीत नव्हतं.” त्यांनी अभिप्रायात दोऱ्याची हकीकत साध्या शब्दांत लिहिली, कोणत्या मापातून किती वजा केलं आणि का ते लिहिलं, आणि वय, हात आणि उंची या तिन्हींचा मेळ बसतो असं म्हटलं. सही करण्याआधी मला वाचून दाखवून विचारलं, “यात त्या बाईंना वाईट वाटेल असं काही नाही ना?” एवढ्या मोठ्या माणसाने मला ते विचारलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पोलिसांनी हाडं मावशीच्या ताब्यात दिली. मोजकीच हाडं, म्हणून सुताराने लहान पेटी चालेल असा निरोप पाठवला. मावशी त्याच्या दारात जाऊन उभी राहिली. “लहान कशाला? माजा पोर काय लेकरू व्हता?” तिने दुमडलेला दोरा त्याच्यापुढे धरला. त्या मापाची पेटी झाली.

मग तिने मला बोलावणं पाठवलं. निरोप आणणाऱ्या बाईने सांगितलं, “ती म्हनते, कुटलं हाड कुटं ते बायलाच कळतं. दुसऱ्या कोनी हात लावायचा नाय.” मी दादांकडे पाहिलं. आमच्यात असल्या गोष्टींचा विटाळ मानत. दादा वाडीत गेले आणि झेंडूची, मोगऱ्याची टोपली भरून आणली. “चल,” म्हणाले. “मी सोडतो सायकलवर.”

सकाळची वेळ होती. मावशीच्या घरात पेटी दोन बाकांवर ठेवली होती, आत पांढरी चादर. फादर दारात उभे होते. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी कॉलेजात शेकडो वेळा अशी हाडं मांडली असतील, पण त्या दिवशी कुठल्या हाडाला पहिल्यांदा हात लावावा ते सुचेना. मावशीच म्हणाली, “कर गो, बाय. घाबरू नको. आपलाच हाय.”

डोक्याची जागा मोकळी ठेवली. फासळ्या मांडल्या, कमर मांडली. डाव्या हाताचं हाड ठेवायला गेले तर तिने ते माझ्या हातातून घेतलं. वाकड्या सांध्यावरून अंगठा फिरवला, दोनदा. परत दिलं. मांड्यांची हाडं, मग नडगी. त्याच्या खाली काही नव्हतं, पावलांची हाडं मिळालीच नव्हती. मी नडगी आणि पेटीचं टोक यांतलं अंतर डोळ्यांनी मोजलं आणि पावलं जिथे आली असती तिथे दादांनी दिलेली फुलं भरली.

“पाय पोचतात ना गो त्याचे?” मावशीने विचारलं.

“पोचतात, मावशी.”

तिने वाकून हात आत घातला. वरून खालपर्यंत, फुलांपर्यंत, पेटीच्या टोकापर्यंत नेला.

“बरोबर हाय,” ती म्हणाली. आणि मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात, त्याला नावाने हाक मारून रडायला लागली.